पाठ केलेली ओळ

"काका, मान सैल सोडा. डोकं मी हलवते, तुम्ही फक्त वाचा," माझ्या मागे उभी राहून ती पोरगी म्हणाली.

तिने माझं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं, बाजारात कलिंगड पारखायला धरतात तसं. माझ्या डोक्याला कुणी हात लावलेला मला लहानपणापासून खपत नाही. शाळेत एका मास्तरांनी केस धरून ओढलं होतं, त्यानंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. पण त्या दिवशी गरज माझी होती. दातओठ खात बसून राहिलो.

मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यातली ती खोली. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वरचं अक्षर ताटाएवढं, खाली येत येत मुंगीएवढं. टेबलावर टिकटिक करणारं एक छोटं यंत्र. पोरीच्या पांढऱ्या कोटावर नाव होतं, रूथ साळवे. वय चोवीस-पंचवीस. ती डॉक्टर नव्हती, कानाच्या तपासण्या करणारी होती. ती जे लिहून देईल त्यावर मी दारुडा की नाही हे ठरणार होतं.

आधी तिने डोकं न हलवता वाचायला लावलं. ते झालं. मग यंत्र सुरू केलं आणि टिकटिकीच्या तालावर माझं डोकं डावीकडे, उजवीकडे फिरवायला लागली. थोडंसंच, पण भराभर. समोरची अक्षरं चाळणीतल्या तांदळासारखी उडायला लागली.

"खालून दुसरी ओळ वाचा."

"न, र, ग, द, ल, ब, क," मी ताडताड म्हणालो.

तिचे हात थांबले. "पुन्हा एकदा."

मी पुन्हा म्हणालो. शेवटची ओळही म्हणून दाखवली, तिने न विचारता.

"बरोबर आहे," ती म्हणाली, पण तिच्या आवाजात आनंद नव्हता. समोर येऊन स्टुलावर बसली. "काका, मघाशी गादीवर डोळे मिटून उभं केलं, तेव्हा मी धरायच्या आत तुम्ही खाली आलात. आणि डोकं हलताना मात्र सगळं वाचता. मला हे जुळत नाही."

"जुळवायचं काम तुमचं," मी म्हणालो.

"गेल्या वर्षभरात काही औषधं? इंजेक्शनं?"

"काही न्हाई."

"चालताना समोरचं हलल्यासारखं दिसतं म्हणालात. आता हलताना दिसलं का?"

"हललं जरा. पण वाचलं ना मी?"

तिने लिहून घेतलं. वरच्या डॉक्टरांची सही झाली आणि कागद पाकिटात घालून माझ्या हातात आला. कागद इंग्रजीत होता. मला वाटलं, सगळं बरोबर वाचलं म्हणजे पास झालो. पास झालो म्हणजे जगतापांच्या तोंडावर कागद मारायला मोकळा.

जगताप म्हणजे आमच्या साखर कारखान्याचे कामगार अधिकारी. मी तिथे उसाच्या यार्डात क्रेनवर होतो, सतरा हंगाम. गाड्या, ट्रॅक्टर आले की खालची माणसं मोळ्यांना साखळ्या लावायची आणि मी वरच्या केबिनमधून माल उचलून गव्हाणीत, म्हणजे ऊस गाळपाकडे नेणाऱ्या पट्ट्यावर टाकायचो. हंगामाआधी दरवर्षी सगळ्या ऑपरेटरांची डोळ्यांची तपासणी व्हायची. कारखान्याच्या दवाखान्यात एकच तक्ता होता, मिरजेला होता तसलाच, त्याच अक्षरांचा. आमच्यातल्या आनंदा शेळक्याची नजर अधू. त्याने फार वर्षांपूर्वी एकदा तक्त्याजवळ उभं राहून खालच्या दोन ओळी पाठ केल्या आणि पुढे सगळ्यांना दिल्या. नवा ऑपरेटर आला की क्रेन शिकवायच्या आधी आम्ही त्याला त्या ओळी शिकवायचो. माझी नजर चांगली होती, तरी मीही पाठ केल्या. कुणी सांगावं, पुढच्या वर्षी उपयोगाला येतील. आणि डॉक्टरने काही विचारलं की 'न्हाई' म्हणायचं, ही आमची दुसरी शिस्त. त्रास? न्हाई. औषध? न्हाई. हो म्हटलं की खाली उतरवतात.

त्या वर्षी पौषात एका सकाळी बैलगाडीवरची मोळी उचलली. खाली बघायला मान वळवली आणि सगळं यार्ड थरथरलं. बैल, आकडा, माणसं, कशालाच कड राहिली नाही. मी अंदाजाने हात चालवला. मोळी झुलली आणि गाडीजवळ साखळी सोडवत असलेल्या बाईला लागली. गयाबाई तिचं नाव, बीडकडून ऊसतोडीला आलेली. तिचा उजवा हात कोपरात मोडला.

मी घाईने शिडी उतरलो. उतरताना दोनदा घसरलो, खाली आल्यावर धड उभा राहता येईना. तेवढं शंभर माणसांनी पाहिलं. सुरक्षारक्षकाने वहीत लिहिलं, 'तोल जात होता, दारूच्या अमलाखाली असावा.' तोंडाचा वास घ्यायची कुणाला गरज वाटली नाही. गाडीत घालून नेताना गयाबाई ओरडत होती, "बेवड्यानं हात मोडला माझा." संध्याकाळपर्यंत तो शब्द माझ्या गावात पोचला होता.

आता हे सांगायला हवं. माझा बाप दारू पिऊन ओढ्यात पडून मेला. मी नऊ वर्षांचा होतो. त्याला काढायला कुणी हात लावेना, तेव्हा मी आणि आईने ओढून काठाला आणला. त्या दिवसापासून मी दारूच्या दुकानासमोरून जाताना रस्ता बदलतो. माझ्या लग्नात ज्याने पिऊन धिंगाणा घातला त्या सख्ख्या चुलत्याला मी मांडवाबाहेर ढकललं होतं. सगळ्या गावाला हे माहीत होतं. तरी सगळ्या गावाने विश्वास ठेवला.

घरी आलो तेव्हा शालन, माझी बायको, दारातच उभी होती. मला वाटलं, ही तरी विचारेल की लागलं का कुठे.

"जरा तोंड इकडं करा," ती म्हणाली.

आणि तिने वास घेतला.

मी त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिच्याशी आठवडाभर बोललो नाही. कारखान्याने निलंबित केल्याचं पत्र दिलं, चौकशी लावली. मी म्हणालो, मला दिवाळीपासून चालताना समोरचं हलतं, कान-डोळ्याचा काहीतरी आजार आहे. जगताप म्हणाले, कागद आणा.

तो कागद आता आणला होता. मी इस्त्रीचा शर्ट घालून चौकशीच्या खोलीत गेलो आणि पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं, हुकमी पान टाकावं तसं.

जगतापांनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग लेखनिकाकडे बघून म्हणाले, "लिहून घ्या. डोकं हलवत असताना रुग्णाची नजर स्थिर राहते. कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेत दोष सिद्ध होत नाही."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे तुम्हाला काही आजार नाही, खराडे."

"मग मी सगळं बरोबर वाचलं ते?"

"तेच तर. बरोबर वाचलंत म्हणूनच आजार नाही. कान खराब असता तर डोकं हलताना वाचता आलं नसतं." त्यांनी पान उलटलं. "शिवाय इथे लिहिलंय, डोळे मिटून उभं केलं तर पडतात. कानात दोष नाही आणि पडतात. हे कशाचं लक्षण आहे, ते माझ्यापेक्षा तुमच्या घराण्याला जास्त माहीत."

तळपायाची आग मस्तकाला गेली. टेबलावर पाण्याचा तांब्या होता. तो उचलून मी भिंतीवर मारला. जगतापांच्या मागचं कॅलेंडर भिजून खाली आलं.

"हेही लिहून घ्या," जगताप शांतपणे म्हणाले. "पुढची तारीख सोमवार. शेवटची."

दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीने मी मिरजेला गेलो. शालन न विचारता सोबत आली. गाडीत मी खिडकीबाहेर बघत होतो, ती पुढे. खिडकीबाहेरचंही धड दिसत नव्हतं, विजेचे खांब नाचत होते. राग सगळा त्या साळवे पोरीवर साठला होता. चार अक्षरं वाचायला लावून माणसाला दारुडा ठरवणारी ही कोण?

ती दुसऱ्या पेशंटला बाहेर सोडत होती. मी तिथेच सुरू झालो.

"तुम्ही माझी भाकरी काढून घेतली. हलतंय म्हणून सांगितलं होतं की न्हाई तुम्हाला? मग न्हाई म्हणून का लिहिलं? शिकलेली माणसं तुम्ही, कागदावर काय लिहिता ते कळतं का? पोरखेळ लावलाय?"

बाकावरची माणसं उठून उभी राहिली. तिने दार उघडं धरलं. "आत या, काका. काकी, तुम्हीपण."

आत गेल्यावर ती म्हणाली, "मला जे दिसलं ते मी लिहिलं. तुम्ही दोन्ही ओळी वाचल्यात. एकही अक्षर चुकलं नाही. असा आजार असेल तर माणूस तीन-चार ओळी वरच अडकतो. तुम्ही अडकायला हवे होतात. का नाही अडकलात?"

"मला काय विचारता? माझी नजर चांगली हाय म्हणून."

"कुठल्या ओळी वो?" शालनने विचारलं. खोलीत आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती.

रूथने तक्त्याकडे बोट दाखवलं. शालनला अक्षरओळख बेताची. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पदर सारखा करत म्हणाली, "ते न, र, ग, द, ल, ब, क होय?"

रूथ तिच्याकडे बघत राहिली.

"दसरा झाला की ह्यांचं सुरू हुतंय," शालन म्हणाली. "आंघोळ करताना, जेवताना. सतरा वर्सं ऐकतीय. मलाबी पाठ झालंय. कारखान्याच्या तपासणीला लागतंय म्हणं."

मला तिच्या कानाखाली ओढावीशी वाटली. ओढली नाही, कधीच ओढली नाही, पण वाटली हे खरं. रूथ कपाळाला हात लावून स्टुलावर बसली. मग हसायला लागली. मला आणखीच राग आला.

"काका, तुम्हाला नापास व्हायला आणलं होतं इथे," ती म्हणाली, "आणि तुम्ही पाठ करून आलात."

तिने कपाटातून दुसरा तक्ता काढला. त्यावर अक्षरं नव्हती. एकच तीन दातांची खूण, कुठे तोंड वर, कुठे खाली, कुठे डावीकडे. तोंड जिकडे असेल तिकडे बोट करायचं. हा तक्ता उलटासुलटा कसाही टांगता येत होता. डोकं स्थिर असताना मी सात ओळी दाखवल्या. मग ती मागे उभी राहिली, डोकं धरलं, टिकटिक सुरू झाली.

तिसऱ्या ओळीवर मी थांबलो.

"दाखवा ना," शालन म्हणाली. तिला वाटलं मी हट्ट करतोय.

"दिसत न्हाई."

"एवढं मोठं हाय की."

"दिसत न्हाई म्हटलं ना!"

खोलीत फक्त ते यंत्र वाजत राहिलं. शालनने हात पुढे करून ते बंद करायचा प्रयत्न केला, तिला जमेना, मग रूथने केलं.

"इंजेक्शनं नक्की नव्हती?" रूथने विचारलं.

शालन म्हणाली, "दिवाळीआधी लघवीचा ताप झालता. एकवीस दिस रोज दोन. गावातल्या डाक्टरनं दिली. कंपौंडर घरी येऊन टोचायचा."

रूथने इंजेक्शनाचं नाव विचारलं. रिकाम्या बाटल्या शालनने ठेवल्या होत्या, फोडणीची मोहरी भरायला. एकीवरची चिठ्ठी तिने शाबूत ठेवली होती, पण ती घरी. गावातल्या दुकानात फोन करून विचारल्यावर नाव कळलं. रूथने मान हलवली.

"कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो," ती म्हणाली. "डोकं एकीकडे गेलं की तो डोळ्यांना तेवढंच दुसरीकडे नेतो, म्हणून समोरचं जाग्यावर दिसतं. या इंजेक्शनाने काहींचा तो भाग जातो. ऐकायला येत राहतं, त्यामुळे कुणाला कळत नाही. तुमचा दोन्ही बाजूंचा गेलाय असं दिसतंय."

"बरा कवा हुईल?"

"बहुतेक होणार नाही. सवयीने चालायला, बघायला शिकाल. मी व्यायाम देते."

मला त्याचं फार काही वाटलं नाही. मी म्हणालो, "आधीचा कागद फाडा आणि नवा द्या."

"आधीचा फाडणार नाही. नवा देईन. आधी का चुकलं तेही लिहीन, की पेशंटला तक्ता पाठ होता आणि कारखान्यातही तो पाठ करतात."

"ते कशाला? माझ्याबरोबर काम करणारी माणसं हायत. त्यांची पोटं हायत."

"ते वर क्रेन चालवतात ना?" ती म्हणाली. "मग लिहायलाच हवं."

मी भांडलो. तिच्या वरच्या डॉक्टरकडे जातो म्हणालो. शेवटी शालन म्हणाली, "लिवा ताई. ह्यांच्या तोंडाचा मी वास घेतलाय. मला तेवढं पुसायचं हाय." मग मी हट्ट सोडला.

सोमवारी जगतापांनी नवा कागद वाचला. दारूचा आरोप मागे घेतला, तसं पत्र दिलं. मला साखरेच्या गोदामात बसून करायच्या कामावर घेतलं. कारखान्याच्या दवाखान्यात नवे तक्ते आले. दोन ऑपरेटर खाली उतरवले, त्यातला एक आनंदा. आनंदा माझ्या पोराच्या लग्नालाही आला नाही.

मला त्याची पर्वा नव्हती. मी जिंकलो होतो. जगतापांचं पत्र आणि मिरजेचा कागद मी प्लास्टिकमध्ये घालून पक्के करून घेतले आणि गावभर फिरलो. केशकर्तनालयात, दूध डेअरीवर, सोसायटीच्या पायरीवर. ज्याने ज्याने तो शब्द उच्चारला होता त्याच्या नाकासमोर धरला. "वाच. मोठ्यानं वाच." लोक वाचायचे. काही जण माफी मागायचे. माझा राग काही उतरत नव्हता, कारण एक माणूस राहिलं होतं. पहिल्यांदा तो शब्द जिने ओरडून म्हटला होता, ती.

मार्चच्या शेवटी हंगाम संपला. तोडीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उठायला लागल्या. एका दुपारी मी तिथे गेलो. जपून चालत गेलो, कारण नांगरटीच्या ढेकळांतून चालताना मला जमीनच उडताना दिसायची. गयाबाई कोपीपुढे बसून डाव्या हाताने चिंध्यांचं गाठोडं बांधत होती. गाठ दातांनी ओढत होती. प्लास्टर निघालं होतं, पण उजवा हात कोपरात सरळ होत नव्हता. नवरा बैलांकडे गेला होता. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, तिचा हात मोडल्यापासून त्याच्याबरोबर तोडायला दुसरं माणूस नव्हतं, हे मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. विचारलंच नव्हतं.

तिने मला ओळखलं. गाठोडं बाजूला सारलं.

"मी पिलो नव्हतो," मी म्हणालो. उभ्या उभ्याच. "हे बघा. मोठ्या दवाखान्याचा कागद हाय. कारखान्याचं पत्र हाय. तुम्ही मला बेवडा म्हणालात."

तिने कागद डाव्या हातात घेतला. वाचता येत नव्हतं, तरी खालवर पाहिला. "काय लिवलंय?"

मी सांगितलं. कानाचं, इंजेक्शनाचं, डोकं हललं की नजर हलते ते. नीट, सावकाश सांगितलं. इतकं नीट मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे त्या दिशी तुमी शुद्धीवर व्हतात," ती म्हणाली.

"व्हय. तेच सांगतोय."

"आन् हलतंय, हे तुमाला ठावं व्हतं?"

माझी नजर तिच्या हातातल्या कागदावर गेली.

"कवापासनं?"

"दिवाळीपासनं."

ती तीन महिने मोजत असावी. मोडक्या हाताची बोटं मांडीवर हलली.

"मग बेवडाच बरा व्हता, दादा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "त्याला कळत नसतंय."

तिने कागद परत केला आणि गाठोडं पुढे ओढून गाठीचं टोक दातांत धरलं.

दुसरी गाठ मारून देऊ का, असं विचारायचं माझ्या मनात आलं. विचारलं नाही. तो कागद अजून ट्रंकेत आहे, प्लास्टिक पिवळं पडलंय. त्या दिवसानंतर तो मी कुणाला दाखवला नाही.